पर्णबीज म्हणजे पाषाणभेद नव्हे : ओळख, रस आणि वापरातील विवेक

मूत्राश्मरीचे निदान झालेला रुग्ण वैद्याकडे येतो तेव्हा त्याने पानफुटीची पाने खाण्यास बहुधा आधीच प्रारंभ केलेला असतो. कोणी शेजाऱ्याने सांगितलेले असते, कोणी आपल्या कुंडीतील पाने तोडून दिलेली असतात. ‘हाच पाषाणभेद ना?’ असा त्याचा प्रश्न असतो. या प्रश्नाचे नेमके उत्तर देता येणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नामविचार

चरकाचार्यांनी मूत्रविरेचनीय दशेमानीत पाषाणभेदाचा समावेश केला आहे. सुश्रुताचार्यांच्या वीरतर्वादि गणात तो अश्मभेदक या नावाने येतो. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने पाषाणभेद म्हणून हिमालयात वाढणाऱ्या बर्जेनिया सिलिएटा या वनस्पतीचे भौमिक कांड ग्राह्य धरले आहे. व्यवहारात मात्र पाषाणभेद या एका नावाखाली निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळी द्रव्ये वापरली जातात. दक्षिणेत रोटुला ॲक्वाटिका, काही ठिकाणी एर्व्हा लॅनाटा, काही ठिकाणी पानओवा, तर अनेक घरांत पर्णबीज.

पर्णबीज, म्हणजेच आपली पानफुटी किंवा घायमारी, हिचे शास्त्रीय नाव कलांचो पिनाटा. वनस्पतिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत ती ब्रायोफायलम या नावाने आढळते. तिचे मूलस्थान मादागास्कर. भारतात ती बाहेरून आलेली असल्याने संहितांतील पाषाणभेद म्हणजे हीच वनस्पती, असे म्हणता येत नाही.

मग हा गोंधळ का झाला? पर्णबीज ज्या क्रॅसुलेसी कुलात येते, त्या कुलातील अनेक वनस्पती खडकांच्या फटींत आणि जुन्या भिंतींवर अल्प मातीत वाढतात. युरोपातील भिंतींवर पसरणारे बुटके, मांसल पानांचे सेडम ॲक्र हे याच कुलातील असून त्याची चव तिखट आहे आणि रस त्वचेवर फोड आणू शकतो. दगडात उगवणारी वनस्पती दगड फोडते आणि जी दगड फोडते ती अश्मरीही फोडते, असे अनुमान लोकमानसात सहज रुजते. हिंदी भाषिक प्रदेशातील ‘पत्थरचट्टा’ हे नावही या समजुतीस पोषकच ठरते. परंतु अधिवासावरून पडलेले नाव हे कर्माचे प्रमाण होऊ शकत नाही.

स्वरूप व ओळख

पर्णबीजाचे क्षुप सुमारे एक ते दीड मीटर उंच होते. पाने समोरासमोर, मांसल, गोलसर दंतुर कडांची असतात. खालची पाने साधी, तर वरची बहुधा तीन ते पाच पर्णिकांची असतात. पान गळून मातीवर पडले की कडेच्या खाचांतून नवी रोपे फुटतात. फुले लोंबती असून बाह्यकोश फुगीर व कागदासारखा असतो.

उद्यानांत याच प्रजातीच्या इतर जातीही लावल्या जातात. कलांचो डेग्रेमोंटियानाच्या त्रिकोणी पानांच्या कडांवर, पान झाडावर असतानाच, रोपांची रांग दिसते. कलांचो डेलागोएन्सिसची पाने नळीसारखी असून रोपे टोकाशी येतात. या दोन्ही जाती विषारी असून पानफुटी समजून त्या सेवन केल्या जाण्याचा धोका आहे.

रसनिश्चितीतील एक अडचण

मद्रास इलाख्यात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी १८१३ मध्ये लिहिलेल्या पत्रात या वनस्पतीविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले. तिची पाने सकाळी अतिशय आंबट, दुपारी बेचव, तर सायंकाळी किंचित कडवट लागतात. याचे कारण पुढे स्पष्ट झाले. ही वनस्पती रात्री पर्णरंध्रे उघडून कर्बवायू घेते व तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठविते. दिवसा रंध्रे मिटून त्याच आम्लातून कर्बवायू मोकळा करून ती प्रकाशसंश्लेषण करते. या क्रियेस क्रॅसुलेसी कुलावरूनच नाव मिळाले आहे.

द्रव्यगुणाच्या अभ्यासकास यातून बोध घेता येतो. एकाच पानाचा रस प्रहरागणिक बदलत असेल, तर संग्रहकाल नोंदविल्याशिवाय त्याचा रस अम्ल की तिक्त हे ठरविणे व्यर्थ आहे.

घटक व धोका

पर्णबीजात फ्लेव्होनॉइड, सेंद्रिय आम्ले आणि बुफाडायेनोलाइड वर्गातील द्रव्ये आढळतात. ही शेवटची द्रव्ये डिजिटॅलिसप्रमाणे हृदयाच्या पेशींतील सोडियम-पोटॅशियम विनिमयात अडथळा आणतात. अधिक प्रमाणात गेल्यास हल्लास, छर्दी, अतिसार व हृदयगतीतील अनियमितता संभवते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील मोरी गावाजवळ १९९७ मध्ये कलांचो डेलागोएन्सिस खाल्ल्याने १२५ गुरे दगावली. तेथील अभ्यासात फुलांमध्ये विषारी अंश सर्वाधिक आढळला. गुरांनी खाल्लेली मात्रा व रुग्ण खातो ती दोन-चार पाने यांची तुलना होऊ शकत नाही, हे खरे. तथापि वनस्पती निरुपद्रवी आहे, हा समजही टिकत नाही.

चिकित्सकीय विवेक

पाच मिलिमीटरपेक्षा लहान असलेले बहुसंख्य खडे पुरेसे पाणी व काळ मिळाल्यास आपोआप बाहेर पडतात. त्यामुळे पान खाल्ले आणि खडा पडला, एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तो काकतालीय न्यायही असू शकतो. उलट मोठा खडा, ज्वर, मूत्रावरोध किंवा एकच कार्यरत वृक्क असताना पानांवर विसंबून घालविलेले दिवस वृक्काचे कायमचे नुकसान करू शकतात.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. अश्मरीच्या प्रत्येक रुग्णास घरगुती पानांविषयी आवर्जून विचारावे, शक्य असल्यास पान आणावयास सांगून प्रत्यक्ष पाहावे.

२. डिजॉक्सिन, हृदयगतीवरील औषधे किंवा पोटॅशियम घटविणारी मूत्रल औषधे घेणाऱ्यांना, तसेच हृद्रोगी व वृक्कविकारग्रस्तांना पर्णबीजाचे सेवन थांबविण्यास सांगावे. गर्भिणी, स्तन्यदा व बालके यांतही अंतःप्रयोग टाळावा.

३. फुले व कळ्या कोणीही सेवन करू नयेत.

४. घायमारी या नावास साजेसा, किरकोळ व्रण व शोथावर पान गरम करून बांधण्याचा बाह्य प्रयोग लोकव्यवहारात रूढ आहे. मधुमेही रुग्णाच्या पायावरील व्रणात मात्र तेवढ्यावर थांबू नये.

५. व्यवस्थापत्रात पाषाणभेद लिहिताना ‘बर्जेनियाचे भौमिक कांड’ असे स्पष्ट करावे व औषधविक्रेत्याकडून आलेले द्रव्य पारखून घ्यावे.

संहितेत न आलेल्या द्रव्याचा स्वीकार आयुर्वेदास वर्ज्य नाही. परंतु अशा अनुक्त द्रव्याचे नाम, रूप, गुण आणि योजना स्वतंत्रपणे जाणून घेणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. पाषाणभेदाचे गुण उसने घेऊन पर्णबीजाचा प्रयोग करणे म्हणजे दोन्ही द्रव्यांवर अन्याय होय, आणि त्याची झळ शेवटी रुग्णासच पोहोचते.