घरच्या मोटारीची हवा

सभासद बंधूंनो, गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॉलीच्या टायरांकडे आपले बारीक लक्ष असते. भरली ट्रॉली वाटेत बसली तर ऊस वाळतो, वजन घटते, हे कुणाला सांगायला नको. पण घरच्या मोटारीत हवा किती, असे विचारले तर पुष्कळजण पंपावरच्या पोराकडे बोट दाखवतात.

आपल्यात एक समज पक्का आहे. रस्ता खराब आहे ना, मग हवा थोडी कमी ठेवा, गाडी मऊ चालते. चालते खरी! पण टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त दबते, आतून तापते, आणि उन्हाळ्यात भरल्या गाडीचा असा टायर हमरस्त्यावर फुटतो. त्यात बायकापोरे बसलेली असतात. उलट ठासून भरली तर प्रत्येक खडा कमरेला कळतो. झिजेवरूनही ओळखता येते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधोमध झिजला तर जास्त.

मग किती भरावी? ड्रायव्हरचे दार उघडावे. चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीत पुढच्या-मागच्या चाकांची हवा लिहिलेली असते, भरल्या गाडीची बहुधा वेगळी. बऱ्याच लहान मोटारींना ती ३० ते ३५ पौंड असते. टायरवर कोरलेला कमाल हवेचा आकडा हा भरायचा आकडा नव्हे. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. गाडी पळवून आणल्यावर तीन-चार पौंड जास्त दिसतात, ते काढू नयेत. महिन्यातून एकदा मोजावी, आणि स्टेपनी विसरू नये.

मऊपणा हवाच असेल तर तो टायर घेताना बघावा. १६५/८० आर १४ म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर, आणि रिम १४ इंची. १८५/६५ आर १५ ची बाजू भरते १२० मिलिमीटर. ही उंचीच गादीचे काम करते. पोरांना मोठी रिम आणि पातळ टायर आवडतो. दिसतो झोकदार, पण आपल्या पाणंदीत लाकडी चाकाची आठवण करून देतो. कंपनीने त्या गाडीला दिलेल्या मापातच राहिलेले बरे.

दुकानात बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचून घ्यावेत. ३२२४ असेल तर टायर २०२४ सालच्या ३२ व्या आठवड्यातला. पडून राहिलेले रबर कडक होते, तेव्हा जुना माल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.