थर्मोस्टॅट लावताना

मिशिगनमध्ये ऑक्टोबर ते एप्रिल फर्नेसवाचून निभाव लागत नाही आणि जुलैत एसीवाचून झोप लागत नाही. तळघरात गॅसची फर्नेस, घराबाहेर एसीचं युनिट आणि या दोघांना हुकूम सोडणारा भिंतीवरचा तळहाताएवढा थर्मोस्टॅट, अशी डेट्रॉइटच्या उपनगरांतली नेहमीची मांडणी. मोटारींच्या उद्योगामुळे नोव्हाय, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स या भागांत मराठी कुटुंबं पुष्कळ. नवं घर घेतलं की पहिल्या हिवाळ्याआधी बहुतेकजण स्मार्ट थर्मोस्टॅट आणतात, अर्ध्या तासात लावतात आणि कारखान्यातून आलेल्या सेटिंगवरच तो वर्षानुवर्षं चालवतात. मला ते बघवत नाही. यंत्र भिंतीवर बसवणं हा कामाचा लहान भाग आहे. आपल्या फर्नेसशी आणि आपल्या माणसांशी ते जुळवून घेणं हा मोठा. आमच्या आणि ओळखीपाळखीच्या घरी हे करताना जे हाती लागलं ते लिहिते आहे.

1. दुकानात जाण्याआधी तळघरात जा

आपल्या घरात नेमकं काय बसवलेलं आहे हे कळल्याशिवाय थर्मोस्टॅट विकत घेऊ नये. जुन्या थर्मोस्टॅटचं झाकण काढून मागे बघा. चार-पाच बारीक रंगीत वायरी दिसल्या तर ती 24 व्होल्टची व्यवस्था. फर्नेसमधला छोटा ट्रान्सफॉर्मर 120 व्होल्टचे 24 करून वर पाठवतो, आणि बाजारातले बहुतेक थर्मोस्टॅट त्याच्यासाठीच असतात. पण जाड वायरी आणि त्यांच्या टोकांना पिळून बसवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या दिसल्या तर थांबा. त्या खोलीत भिंतीलगतचा विजेचा हीटर असणार आणि 120 किंवा 240 व्होल्ट थेट थर्मोस्टॅटमधून जात असणार. त्याचा थर्मोस्टॅट वेगळा मिळतो, आणि तो इलेक्ट्रिशियनकडूनच लावून घ्यावा.

2. वीज फर्नेसपाशी बंद करा

फर्नेसच्या बाजूला साध्या दिव्यासारखा एक स्विच असतो. तो बंद करा, ब्रेकरही पाडा. 24 व्होल्टनं माणसाला झटका बसत नाही, हे खरं. पण वीज चालू असताना ‘आर’ची वायर ‘सी’ला नुसती चाटून गेली तरी फर्नेसच्या बोर्डावरचा फ्यूज उडतो आणि घर गार पडतं. हा फ्यूज मोटारीत असतो तसाच, चपट्या दोन पायांचा. बोर्डावर 3 किंवा 5 लिहिलेलं असतं. 3 अँपिअरचा जांभळा, 5 चा फिकट तपकिरी. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो. काम सुरू करण्याआधी एक जादा आणून ठेवा, कारण तो लागतो तेव्हा बहुधा रविवारची रात्र असते आणि दुकानं बंद असतात.

3. रंगावर जाऊ नका, अक्षर वाचा

जुन्या थर्मोस्टॅटच्या स्क्रूंशेजारी अक्षरं असतात. ‘आर’ म्हणजे वीज घेऊन येणारी वायर, ‘डब्ल्यू’ ऊब मागणारी, ‘वाय’ एसीचा कॉम्प्रेसर चालू करणारी, ‘जी’ पंख्याची, ‘सी’ म्हणजे वीज परत नेणारी. रूढ रंग लाल, पांढरा, पिवळा, हिरवा आणि निळा. पण घर बांधताना ज्यानं वायर ओढली त्याच्या हाताशी जो रंग होता तो त्यानं लावला, असं जुन्या घरांत सर्रास दिसतं. म्हणून एकही स्क्रू ढिला करण्याआधी अक्षरं स्पष्ट दिसतील असा फोटो काढा, आणि प्रत्येक वायरला खोक्यातली चिकटपट्टी लावा. वायर सुटली की भिंतीत परत जाऊ नये म्हणून तिला पेन्सिलीभोवती एक वेढा द्या.

‘आरसी’ आणि ‘आरएच’ अशी दोन घरं दिसली तरी गोंधळू नका. फर्नेस आणि एसी एकाच ट्रान्सफॉर्मरवर असतील तर लाल वायर एकच येते. जुन्या यंत्रात ती दोन घरं तारेच्या तुकड्यानं जोडलेली असतात. नव्यापैकी पुष्कळ यंत्रं ते आतल्या आत करतात.

4. ‘सी’ वायरीसाठी कष्ट घ्या

सगळ्यात जास्त तक्रारी इथून सुरू होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. जुन्या थर्मोस्टॅटला स्वतःसाठी वीज जवळजवळ लागत नसे. एक स्विच उघडायचा आणि मिटायचा, एवढंच त्याचं काम. आताच्याला पडदा आहे, वायफाय आहे. त्याला चोवीस तास वीज हवी आणि तिला परतीची वाट म्हणजे ‘सी’ वायर हवी. ती नसली तर काही यंत्रं फर्नेसच्या किंवा एसीच्या वायरीतून थोडीथोडी वीज ओढून आपली बॅटरी भरतात. काही घरांत ते निभतं. काही घरांत कडाक्याच्या थंडीत पडदा काळा पडतो, वायफाय तुटतं, किंवा फर्नेसमधला रिले उगाच टकटक करत राहतो.

नोव्हायमधल्या एका मैत्रिणीच्या घरी भिंतीत चारच वायरी दिसत होत्या. मी केबलचं तपकिरी वेष्टण धरून हलकेच दोन इंच पुढे ओढलं, तर तिच्याभोवती मागच्या बाजूला निळी वायर गुंडाळून ठेवलेली होती, टोक न सोललेलं. बांधणाऱ्यानं पाच वायरींची केबल घातली होती आणि चारच वापरल्या होत्या. हे फार वेळा आढळतं, म्हणून आधी भिंतीत बघा. मग फर्नेसचं खालचं दार काढून त्याच केबलचं दुसरं टोक शोधा. तिथेही निळी वायर वेष्टणाला गुंडाळलेली सापडेल. ती सोलून बोर्डाच्या ‘सी’ स्क्रूला लावायची. त्या स्क्रूला बाहेरच्या एसी युनिटकडे जाणारी एक वायर आधीच असते. ती काढायची नाही, दोन्ही एकाच स्क्रूखाली नीट दाबायच्या.

जादा वायर नसेलच तर दोन वाटा आहेत. काही कंपन्या फर्नेसमध्ये बसवायचा छोटा जोडखंड देतात, त्यानं चार वायरींत पाचांचं काम होतं. नाहीतर 24 व्होल्टचा वेगळा ट्रान्सफॉर्मर भिंतीतल्या प्लगला लावता येतो. त्याची वायर भिंतीवरून लोंबते, पण काम चोख होतं. पंख्याची ‘जी’ वायर काढून ती ‘सी’ म्हणून वापरण्याचा सल्लाही मिळतो. मला तो पटत नाही. त्यानं नुसता पंखा फिरवण्याची सोय जाते.

5. भिंतीतलं भोक बुजवा

वायर जिथून येते त्या भोकातून हिवाळ्यात भिंतीतली गार हवा थेट थर्मोस्टॅटच्या पाठीवर येते. त्याला वाटतं घर गार आहे, आणि फर्नेस नको इतकी चालते. चिमूटभर पुट्टीनं हे थांबतं.

थर्मोस्टॅटची जागा बदलायची संधी मिळाली तर आतली भिंत निवडा, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर. ऊन, दार, गरम हवेचा झरोका आणि स्वयंपाकघर यांपासून दूर. आपल्याकडे पोळ्या आणि फोडण्या रोजच्या, त्यामुळे शेवटची अट मी कडक पाळायला सांगते.

6. जुना गोल थर्मोस्टॅट कचऱ्यात टाकू नका

हनीवेलचा गोल ‘टी-87’ 1953 मध्ये बाजारात आला, हेन्री ड्रेफसनं त्याचा आकार घडवला, आणि जुन्या घरांत तो अजून भिंतीवर आहे. हातात फिरवायला इतकं सुरेख यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. झाकण काढलं की आत काचेची इवलीशी नळी आणि तिच्यात इकडून तिकडे घरंगळणारा पाऱ्याचा थेंब दिसतो. तो पारा विषारी आहे. नळी न फोडता थर्मोस्टॅट डब्यात ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्या स्थानिक केंद्रावर नेऊन द्या.

7. पडद्यावरच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्या

यंत्र चालू झालं की ते विचारतं: गॅस की वीज, फर्नेस की बॉयलर की हीट पंप. इथे अंदाजानं बोट लावू नये. फर्नेसच्या दाराच्या आतल्या पट्टीवर मॉडेल लिहिलेलं असतं, ते वाचून उत्तर द्या.

हीट पंप असेल तर ‘ओ’ आणि ‘बी’चा प्रश्न सर्वांत मोलाचा. हीट पंपात एक झडप असते. ती फिरली की तेच यंत्र ऊब द्यायचं सोडून गारवा देतं. बहुतेक कंपन्यांची झडप गारव्यासाठी वीज घेते, ते ‘ओ’. रीम आणि रूड यांची ऊब देण्यासाठी घेते, ते ‘बी’. उलटं निवडलं तर ऊब मागितल्यावर गार हवा येते. वायरींना हात न लावता एवढी एक निवड बदलली की काम होतं.

फर्नेसनं तासाला किती वेळा चालू व्हावं, हेही काही थर्मोस्टॅटमध्ये ठरवता येतं. साध्या गॅस फर्नेसला 5, नव्वद टक्क्यांहून जास्त कार्यक्षमतेच्या फर्नेसला 3, वाफेच्या जुन्या बॉयलरला 1. आकडा चुकला तर फर्नेस सारखी चालू-बंद होते, नाहीतर खोली ताटकळते.

मग चाचणी. ऊब पाच अंश वर ठेवून बघा. एसीची चाचणी बाहेर 60 फॅरनहाइटच्या खाली असताना घेऊ नका, कॉम्प्रेसरला ते सोसत नाही. आणि एसी लगेच चालू झाला नाही म्हणून बटणं दाबत बसू नका. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर त्याला पाच मिनिटं विसावा देणं हे थर्मोस्टॅटचं कामच आहे.

8. आकडा घरातल्या माणसांना विचारून ठरवा

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब असा, की रोज आठ तास तापमान हिवाळ्यात 7 ते 10 फॅरनहाइटनं उतरवलं आणि उन्हाळ्यात तेवढंच चढवलं तर तापवण्या-गारवण्याच्या खर्चात वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत बचत होते. दोघंही कामावर आणि मुलं शाळेत असतील तर जरूर उतरवा. पण पुण्याहून आई-वडील आले की दिवसभर घरात तेच असतात, आणि आदल्या वर्षीचं वेळापत्रक त्यांना दुपारभर कुडकुडत ठेवतं. आपल्याला त्रास नको म्हणून ते बोलतही नाहीत, दोन स्वेटर घालून बसतात. हे मला फार लागतं.

सासूबाई आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, “अगं, हे सत्तर म्हणजे थंड की गरम?”

“आई, एकवीस सेल्सियस.”

“म्हणजे डिसेंबरातलं महाबळेश्वर. तेवीस ठेव बाई.”

तेव्हापासून त्या असतात तोवर पडदा सेल्सियसमध्ये असतो. ही सोय जवळपास प्रत्येक थर्मोस्टॅटमध्ये आहे, आणि तिच्यामुळे त्या स्वतः आकडा बदलू शकतात. बऱ्याच यंत्रांसोबत खोलीत ठेवायचा छोटा सेन्सर मिळतो. तो त्यांच्या झोपायच्या खोलीत ठेवून रात्री त्याच खोलीचं तापमान धरायला सांगता येतं. दिवाणखान्यात कुणी नसताना तिथल्या भिंतीचं ऐकण्यात अर्थ नाही.

आकडा ऐंशीवर नेला तर घर लवकर तापेल, हा समज मात्र काढून टाका. साधी फर्नेस तेवढ्याच वेगानं तापवते, फक्त थांबत नाही. हीट पंपाला तर रात्रीचा मोठा उतारही मानवत नाही. सकाळी दरी भरून काढायला तो विजेची सळई पेटवतो आणि वाचलेले पैसे तिथेच जातात.

9. 65 वर घर कसं राहतं हे एकदा पाहून ठेवा

30 जानेवारी 2019 ला ध्रुवीय थंडीची लाट आली होती, बाहेर शून्य फॅरनहाइटच्याही बरंच खाली, आणि त्याच दिवशी डेट्रॉइटजवळच्या मॅकोम्ब काउंटीत गॅसचा दाब सांभाळणाऱ्या केंद्राला आग लागली. रात्री फोनवर सरकारी इशारा आला: थर्मोस्टॅट 65 किंवा त्याखाली आणा. लोकांनी आणले, मोटार कारखान्यांनी काम थांबवलं, आणि गॅसपुरवठा टिकला. त्या रात्रीनंतर मी सगळ्यांना सांगते, की एखाद्या शनिवारी 65 ठेवून बघा. कुठली खोली आधी गार पडते, कुठल्या खिडकीतून वारा येतो, म्हाताऱ्या माणसांना कुठे बसवायचं, हे आधी ठाऊक असावं.

10. भारतात जाताना फर्नेस बंद करू नका

डिसेंबरात महिनाभर जायचं म्हणून थर्मोस्टॅट बंद करणारे भेटतात. असं करू नका. भिंतीतले पाण्याचे नळ गोठून फुटतात, आणि परत आल्यावर तळघरात पाणी भरलेलं मिळतं. 55 फॅरनहाइटच्या खाली जाऊ नये. पाण्याचा मुख्य कॉक बंद करा, थर्मोस्टॅट बॅटरीवरचा असेल तर नव्या बॅटऱ्या घाला, तापमान घसरलं तर फोनवर सूचना येईल असं करा आणि किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा. सूचना पुण्यात येईल, पण तळघरात उतरायला माणूस इथेच लागतो.

11. जुलैत पडदा काळा पडला तर आधी पाणी बघा

एसी चालताना हवेतला ओलावा पाणी होऊन नळीवाटे बाहेर जातो. नळी शेवाळ्यानं तुंबली की पाणी खालच्या ताटलीत साठतं, तिच्यातला तरंगता स्विच वर येतो आणि घर भिजू नये म्हणून वीज तोडतो. काही घरांत तो थर्मोस्टॅटचीच वीज तोडतो, आणि लोक नवा थर्मोस्टॅट घेऊन येतात. नळी साफ केली की पडदा उजळतो. त्याच दिवसांत पंखा ‘ऑटो’वर असू द्या. सतत चालणारा पंखा कॉइलवरचं पाणी पुन्हा घरातल्या हवेत सोडतो.

12. फर्नेसच्या दारामागे कागद चिकटवा

कुठली वायर कुठल्या अक्षराला, ‘ओ’ की ‘बी’, तासाला किती वेळा, फ्यूज कितीचा, फिल्टर कुठल्या मापाचा, थर्मोस्टॅट कधी लावला. एवढं ठळक अक्षरात लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावा. इंग्रजीतही लिहा, कारण दुरुस्तीला येणारा तंत्रज्ञ आणि पुढे हे घर घेणारं कुटुंब, दोघांनाही ते वाचता आलं पाहिजे.