सोपाऱ्याचा किनारा: विश्रांती आणि धम्मयात्रा



रजेच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन समुद्रावर जावे की नाही, असा प्रश्न कल्याण-डोंबिवलीकडील आपली काही मंडळी संकोचाने विचारतात. पूर्वी प्रवास म्हणजे नवसाची जत्रा. ती सुटली. आता उरली नुसती मौज, आणि मौज म्हटली की मन खाते. या शंकेचे उत्तर आपल्याच मुलखात दगडावर कोरलेले सापडले आहे.

प्राचीन सोपारा बंदर म्हणजे आजचे नालासोपारा. 2014 पर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तेथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावला 1956 साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, मिळाला. चौदा लेखांपैकी हेच दोन हाती लागावेत हा योगायोग. पण दोन्ही आपल्या शंकेला नेमके लागू पडतात.

आठव्या लेखात अशोक म्हणतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत; तीत शिकार आणि तशाच करमणुकी असत. राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी तो संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेला आणि तेव्हापासून त्याची धम्मयात्रा सुरू झाली. श्रमण-ब्राह्मणांना दान, वृद्धांना साहाय्य, खेड्यांतील लोकांच्या भेटी, धम्माची चर्चा. यात आपल्याला अधिक आनंद होतो, हेही तो नमूद करतो. प्रवास राहिला, आनंदही राहिला, हेतू बदलला.

नवव्या लेखात आजारपण, लग्न, मुलाचा जन्म, प्रवासाला निघणे अशा वेळच्या मंगलविधींचे फळ अल्प असते, असे तो सांगतो. नोकरचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान, प्राणिमात्रांविषयी संयम हेच त्याच्या मते खरे मंगल. निघताना मुहूर्त पाहणाऱ्या आणि गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्या बौद्ध घरांनी हा लेख जरूर समजून घ्यावा.

आता विश्रांतीविषयी. ती आळस नव्हे. कपिलवस्तूला उपदेश चालू असताना पाठ दुखू लागली तेव्हा तथागतांनी पुढचे प्रवचन आनंदाकडे सोपवले आणि ते उजव्या कुशीवर पहुडले, असे सेखसुत्तात आहे. स्मृती मात्र जागी होती. आणि ज्या पगारी रजेवर कामगार बाहेर पडतो, तिच्या कायद्याचे विधेयक परमपूज्य बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना मांडले होते. 1945 साली तो कायदा झाला. अशी रजा पत्त्यांत आणि दारूत घालवणे मला तरी शोभत नाही.

समुद्रकिनारी काय करावे, हे सोपाऱ्याच्याच बाहियाकडून शिकावे. गलबत फुटल्यावर तो येथे किनाऱ्याला लागला, वल्कले नेसून राहू लागला आणि लोक मान देऊ लागले तेव्हा स्वतःला अर्हत समजू लागला. उदानात त्याला भानावर आणण्याचे काम एका देवतेकडे दिले आहे. आपण तिला हितचिंतक समजू. तो थेट श्रावस्तीला गेला. तथागत भिक्षाटनात होते, तरी तीनदा विनवून त्याने उपदेश मिळवला. पाहताना केवळ पाहावे, ऐकताना केवळ ऐकावे, त्यात 'मी' मिसळू नये, असा त्याचा आशय. लाटेपुढे पंधरा मिनिटे गप्प बसून हे करून पाहावे. कर्ज, साहेबाचा राग, मुलाचे मार्क सारे मनात येईल. आले, एवढे कळले तरी पुरे. भरतीच्या वेळी मात्र पाण्यापासून दूर बसावे.

दिवा-वसई मार्गावर गाड्या थोड्या आहेत, वेळ पाहून निघावे. नाहीतर दादरला गाडी बदलावी. आधी स्तूपावर जावे. गावात त्याला बुरुड राजाचा कोट म्हणतात. तेथे त्रिशरण-पंचशील म्हणावे. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याण आणि सोपारा या दोन्ही गावांचे लोक होते, हे मुलांना सांगावे.

एक गोष्ट राहिली. अशा दिवशी घरातील बाई पहाटे चारला उठून भाकऱ्या थापते आणि रात्री भांडी घासते. मग विश्रांती कोणाची झाली? डबा आदल्या रात्री सर्वांनी मिळून करावा, आणि भांडी मुलग्यांनी घासावीत.