साथीच्या काळातील जाणीव आणि आचरण : स्त्री-पुरुषांमधील अंतर

साथीचा रोग गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. रोगजंतूपुरते पाहिले तर त्यात बरेच तथ्य आहे. परंतु रोग ज्या समाजात पसरतो, तो समाज मात्र असे अनेक भेद बाळगून असतो. साथीची बातमी प्रथम कोणाच्या कानी जाते, ती ऐकून कोण अधिक सावध होते, रुग्णाच्या उशाशी कोण बसते आणि लसीकरण केंद्रापर्यंत कोण पोहोचते, या चारही प्रश्नांची उत्तरे स्त्रियांच्या बाबतीत एक आणि पुरुषांच्या बाबतीत दुसरी येतात. हे अंतर लक्षात न घेता आखलेली आरोग्य मोहीम अर्ध्या गावापर्यंतच पोहोचते. म्हणून ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांनी या प्रश्नाचा शांतपणे अभ्यास करणे अगत्याचे आहे.

माहिती, जाणीव आणि आचरण

या विषयाचा विचार करताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. रोग कशाने पसरतो, लक्षणे कोणती, उपचार कोठे मिळतो, हे ठाऊक असणे म्हणजे माहिती. हा धोका आपल्या घराशी येऊन ठेपला आहे, असे मनापासून वाटणे म्हणजे जाणीव. हात धुणे, गर्दी टाळणे, ताप लपवून न ठेवणे, लस टोचून घेणे, हे प्रत्यक्ष करणे म्हणजे आचरण. माहिती असली की जाणीव येते आणि जाणीव आली की आचरण घडते, असे आपण गृहीत धरतो. अनुभव मात्र निराळा आहे. रोज वर्तमानपत्र वाचणारा मनुष्य बाजारात तोंड न झाकता हिंडतो; आणि जिला रोगाचे नावही नीट उच्चारता येत नाही अशी गृहिणी उंबरठ्यावर पाण्याचा तांब्या ठेवून येणाऱ्या प्रत्येकाला हात धुवायला लावते. शिवाय या तिन्हींच्या जोडीला एक चौथी गोष्ट लागते, ती म्हणजे संधी. इच्छा असूनही ज्या व्यक्तीला घराबाहेर पडण्याची, खर्च करण्याची किंवा निर्णय घेण्याची मुभा नाही, तिचे आचरण तिच्या जाणिवेइतके कधीच दिसत नाही.

प्लेगने शिकविलेला धडा

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम संमत झाला. पुण्यात रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमण्यात आली आणि सैनिकांकरवी घरांची झडती सुरू झाली. रोग्यास शोधून वेगळे ठेवावे, हा हेतू वैद्यकीय दृष्ट्या गैर नव्हता. परंतु परपुरुषांनी स्वयंपाकघरात व देवघरात शिरावे, स्त्रियांची तपासणी करावी, हे लोकांना असह्य झाले. परिणामी तपासणीच्या भीतीने रोगी लपविले जाऊ लागले आणि ज्या उपायाने साथ आटोक्यात यावयाची, त्याच उपायाविषयी मनात तेढ बसली. प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी जाहीरपणे तक्रार नोंदविली होती. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

याच साथीची दुसरी बाजू सावित्रीबाई फुले यांच्या रूपाने आपल्यासमोर येते. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ उघडलेल्या दवाखान्यात त्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. त्या सेवेतच त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. एकीकडे तपासणीच्या धास्तीने घरात दडणारी स्त्री आणि दुसरीकडे रुग्णसेवेत प्राण वेचणारी स्त्री, अशी ही दोन चित्रे एकाच शहराची आहेत. स्त्रियांना आरोग्याची आस्था नव्हती असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. विश्वास बसेल अशी व्यवस्था त्यांच्यापर्यंत आली नव्हती, हेच खरे.

१९१८ : शुश्रूषेची किंमत

१९१८ च्या जून महिन्यात इन्फ्ल्युएंझाची साथ मुंबईत आली. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी लाट अत्यंत भीषण ठरली. त्या वर्षी पावसाने दगा दिल्यामुळे अन्नधान्याची टंचाईही होती. देशात एक कोटीहून कितीतरी अधिक माणसे दगावली. तरुण वयाच्या व्यक्ती मोठ्या संख्येने बळी पडल्या आणि त्यांतही स्त्रियांचे मृत्युमान अधिक होते, असे तत्कालीन सरकारी अहवालांत नमूद आहे. घरात आजारी पडलेल्या प्रत्येकाची सेवा स्त्रीने करावयाची, स्वतः आजारी पडली तरी चूल पेटती ठेवावयाची, आणि टंचाईच्या दिवसांत सर्वांच्या मागून उरलेसुरले खावयाचे, अशी घरोघरी रीत होती. १९११ च्या जनगणनेत देशात दर हजार पुरुषांमागे ९६४ स्त्रिया होत्या. १९२१ मध्ये हे प्रमाण ९५५ वर आले. या घटीची कारणे अनेक होती, तरी इन्फ्ल्युएंझाचा त्यात वाटा होता. स्त्रियांचे आचरण बेफिकिरीचे होते म्हणून त्या दगावल्या नाहीत. कर्तव्य म्हणून जे आचरण त्यांच्याकडून अपेक्षिले गेले, त्यानेच त्यांना रोगाच्या अगदी जवळ नेले.

कोविड काळातील पाहण्या

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले. त्याच्या दोनच दिवस आधी पुण्यात आपल्या राज्यातील पहिल्या रुग्णांची नोंद झाली होती. त्या वर्षीच्या मार्च व एप्रिल महिन्यांत ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, फ्रान्स, जर्मनी, इटली, न्यूझीलंड, ब्रिटन व अमेरिका या आठ देशांतील एकवीस हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी करण्यात आली. हा रोग आरोग्याला अत्यंत गंभीर धोका आहे, असे मार्चमध्ये ५९ टक्के स्त्रियांना वाटत होते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४९ टक्के होते. निर्बंधांचे पालन करण्यातही स्त्रिया पुढे होत्या. एप्रिलमध्ये दोघांचीही दक्षता ओसरली, परंतु अंतर कायम राहिले. वय, शिक्षण, उत्पन्न हे घटक जमेस धरूनही ते पुसले गेले नाही.

याच पाहणीतील आणखी एक निष्कर्ष आपल्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. जोडीदारासह एका घरात राहणाऱ्या स्त्री-पुरुषांमध्ये हे अंतर कमी आढळले. रोगाची झळ ज्यांना प्रत्यक्ष बसली होती, त्यांच्यातही ते कमी होते. याचा अर्थ असा की, बेफिकिरी हा काही पुरुषाचा उपजत स्वभाव नव्हे. घरात बोलणे झाले, धोका डोळ्यांसमोर आला, की आचरण बदलते.

तत्पूर्वी, २०१६ मध्ये, श्वसनमार्गाच्या साथींविषयीच्या अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. हात धुणे, तोंड झाकणे, गर्दी टाळणे यांसारखे औषधाविना करावयाचे उपाय पाळण्याची शक्यता स्त्रियांमध्ये पुरुषांच्या सुमारे दीडपट होती. लस व औषध घेण्यात मात्र पुरुष किंचित पुढे होते. ही सरासरी आहे आणि ती प्रत्येक व्यक्तीला लागू होत नाही, हे ध्यानात ठेवावे. तरीही जे उपाय घरच्या घरी करता येतात त्यांत स्त्री पुढे आणि ज्यासाठी घराबाहेरील व्यवस्थेपर्यंत जावे लागते त्यात ती मागे, हा क्रम विचार करावयास लावणारा आहे.

माहितीची वाट कोठे अडते ?

आपल्या देशात हा क्रम अधिकच ठळक दिसतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के होते. स्वतः वापरता येईल असा मोबाइल फोन ५४ टक्के स्त्रियांजवळ होता. म्हणजे दूरध्वनीवरून पाठविलेली सूचना पुष्कळदा घरातील पुरुषाच्या खिशात येऊन थांबते. चावडीवरचा फलक, पारावरची चर्चा, बाजारातील ध्वनिक्षेपक, ही माहितीची जुनी ठिकाणेही मुख्यतः पुरुषांच्या वावराचीच होत.

लसीकरणाच्या वेळी याचा प्रत्यय आला. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरणास प्रारंभ झाला. १ मे पासून १८ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली, परंतु ४४ वर्षांपर्यंतच्या व्यक्तींना आरंभी कोविन या संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी करणे आवश्यक होते. गरोदर स्त्रियांना लस देण्यास जुलै २०२१ मध्ये अनुमती मिळाली. लस घेतल्याने मूल होत नाही, अशा अफवाही पसरल्या. त्या वर्षाच्या मध्यास लस घेतलेल्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्पष्टपणे कमी होते. पुढे केंद्रावरच नोंदणीची सोय झाली, गावोगाव शिबिरे भरली, नोव्हेंबरात 'हर घर दस्तक' मोहिमेखाली कर्मचारी दारापर्यंत गेले आणि हे अंतर बरेचसे भरून निघाले. स्त्रिया लस नाकारीत नव्हत्या. सोय जवळ येताच त्यांनी ती घेतली, हे यावरून सिद्ध होते.

पुरुषांच्या बाजूनेही चिंतेस कारण आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दिलेल्या माहितीप्रमाणे तोवरच्या कोविड मृत्यूंपैकी सुमारे ७० टक्के पुरुष होते. यात शरीररचनेचा भाग आहे, इतर व्याधींचा आहे, तंबाखूसारख्या व्यसनांचाही आहे. परंतु दुखणे अंगावर काढणे आणि 'मला काय होणार' असे म्हणत हिंडणे, या सवयींचा विचारही टाळता येणार नाही. घरातील कर्ता पुरुष गेल्यावर मागे राहिलेल्या स्त्रियांचे काय होते, हे आपल्या राज्याने पाहिले आहे. अशा एकल महिलांना योजनांचा लाभ मिळवून देण्यासाठी २०२१ मध्ये 'मिशन वात्सल्य' हाती घ्यावे लागले. पुरुषाच्या बेफिकिरीची किंमत अखेर स्त्रीलाच मोजावी लागते.

सेवेचा अदृश्य भार

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत असे दिसले की, घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देते. घरकामात भाग घेणारा पुरुष ९७ मिनिटे देतो. टाळेबंदीत शाळा बंद, माणसे घरात आणि आजारी कोपऱ्यात, अशा स्थितीत हा भार वाढणे अपरिहार्य होते. घराबाहेरही आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका व परिचारिका यांनीच साथीचा पहिला आघात झेलला. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघर जाऊन ताप व प्राणवायूची पातळी तपासणाऱ्यांत त्या अग्रभागी होत्या. बचत गटांच्या भगिनींनी मुखपट्ट्या शिवून दिल्या. देशातील आशा स्वयंसेविकांचा २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरव केला. गौरव योग्यच आहे. परंतु सेवा करणाऱ्या हातांना संरक्षक साधने व वेळेवर मानधन मिळणे, ही त्याहून निकडीची गोष्ट होय.

आपण काय करू शकतो ?

आपल्या राज्यात पंचायतराज संस्थांमध्ये स्त्रियांना निम्म्या जागा राखून ठेवलेल्या आहेत आणि ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. साथीची सूचना आली की ती प्रथम या महिला सभेत वाचून दाखवावी, शंका विचारू द्याव्यात आणि त्या इतिवृत्तात नोंदवाव्यात. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने पाणवठा, रेशन दुकान, अंगणवाडी व बचत गटाची बैठक ही माहितीची केंद्रे मानावीत. पुरुषांसाठी पार, दूध संकलन केंद्र, तालीम व बाजार यांचा उपयोग करावा. कारण त्यांना माहितीची उणीव नसून आचरणाची आहे. तेथे गावातील मान्यवर पुरुषांनी स्वतः नियम पाळून दाखविणे, हे दहा भाषणांहून परिणामकारक ठरेल.

अधिकाऱ्यांनी चाचणी, उपचार व लस यांच्या नोंदी स्त्री-पुरुष अशा वेगळ्या ठेवाव्यात व दर आठवड्यास त्या पडताळून पाहाव्यात. अंतर आकड्यांत दिसले तरच ते भरून काढता येते. शिबिराची वेळ ठरविताना मजुरीची व स्वयंपाकाची वेळ टाळावी, तेथे स्त्री कर्मचारी असावी आणि नोंदणीसाठी स्वतःच्या फोनची अट नसावी. शिक्षकांनी आरोग्याचा पाठ मुलामुलींना एकत्र शिकवावा. रुग्णाला पाणी देणे, त्याची भांडी उकळून घेणे, ताप मोजून लिहून ठेवणे, ही कामे मुलग्यांकडूनही करवून घ्यावीत. शुश्रूषा हे बाईचे काम, हा समज शाळेतच मोडला तर पुढील साथीत घरातील एकाच व्यक्तीवर सारा भार पडणार नाही.

साथ पुन्हा केव्हा येईल, हे सांगता येत नाही. ती येणार नाही, असे मात्र कोणी म्हणू शकत नाही. तयारी करावयाची ती साथ नसतानाच. गावात माहिती कोणत्या वाटेने फिरते आणि कोणत्या दाराशी अडते, याचा शोध प्रत्येक ग्रामपंचायतीने आजच घेतला, तर स्त्रीची दक्षता व पुरुषाची साधने एकत्र येतील आणि त्या एकजुटीतूनच गावाचे खरे संरक्षण होईल.