पाप कोणाचे? : वाचताना अडखळणाऱ्या लेकरांविषयी

शास्त्रपाठ : योहान ९:१-३; नहेम्या ८:१-८



लखनौच्या चारबाग स्थानकावर मी मुंबईच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर एक मराठी कुटुंब बसले होते. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा येताना वाटेत लागलेली स्थानके मला क्रमाने सांगत होता. एकही चुकले नाही. इतक्यात वडिलांनी फलाटावरील पाटीकडे बोट दाखवून शहराचे नाव वाचावयास सांगितले. नाव हिंदी, इंग्रजी व उर्दू अशा तीन लिप्यांत होते. मुलगा पहिल्या अक्षराशीच अडखळला आणि मान खाली घालून बसला. "काय सांगू, साहेब," वडील म्हणाले, "ऐकलेले सारे पाठ होते, पण पुस्तक उघडले की आळस!"

मी पाटीवरील उर्दू नावाकडे पाहिले. मला ती लिपी येत नाही. पण त्यावरून मला कोणी आळशी म्हणत नाही, कारण मला ती कोणी शिकविलेलीच नाही. या मुलाला मात्र पाच वर्षे शिकविले होते, त्याने कष्टही केले होते, तरी अक्षरे वश होत नव्हती. मग दोष कोणाचा?

जन्मांधाला पाहून शिष्यांनीही हेच विचारले होते : पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोघांनाही दोषमुक्त केले आणि देवाच्या कार्याकडे लक्ष वेधले. आपणही आईचे लाड, मुलाचा हूडपणा अशी कारणे शोधीत बसतो.

या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. 1896 साली प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. सर्व शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. हा बुद्धीचा दोष नव्हे, आणि दृष्टीचाही नव्हे. शब्दातील ध्वनी वेगळे ओळखणे व ते अक्षरांशी जोडणे या मुलांना जन्मतःच कठीण जाते. पुष्कळदा एकाच कुटुंबात अनेकांना ही अडचण असते.

आपली देवनागरी इंग्रजीपेक्षा नियमित आहे, तरी तिच्यातही अडथळे आहेत. 'कि' या अक्षरात वेलांटी आधी लिहितो, पण इकार उच्चारतो मागाहून. 'राजा', 'धर्म' आणि 'प्रभू' या तीन शब्दांत एकच 'र' तीन रूपे घेतो. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत किती थोडा फरक! आपण हे सहज ओलांडतो. या लेकरांना प्रत्येक ओळीत ठेच लागते.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. भाषांतराचे काम करताना देवाचे वचन सर्वांना समजावे म्हणून मी एकेका शब्दासाठी झटलो. पण शब्बाथ शाळेत मी प्रत्येक मुलाला आळीपाळीने उभे करून वचन वाचावयास लावीत असे. एक मुलगा अडखळे, इतर हसत. पुढे त्याने येणेच सोडले. मी त्याला उनाड समजलो. वचनाच्या दारात त्याला मीच अडविले होते, हे मला फार उशिरा उमगले.

नहेम्याच्या काळी पाणीवेशीसमोरच्या चौकात एज्राने नियमशास्त्र वाचले. लोकांनी ते कान देऊन ऐकले, लेव्यांनी अर्थ सांगितला, आणि लोक रडले. त्या दिवशी वाचणारे थोडे होते; समजून घेणारे सारेच होते.

यास्तव मंडळीने काय करावे? मुलाला अवचित मोठ्याने वाचावयास लावू नये. वचन ऐकवावे, तोंडी म्हणून घ्यावे, चित्रांतून व गीतांतून शिकवावे. आईबापांनी प्रथम त्याचे डोळे व कान तपासून घ्यावेत, नंतर तज्ज्ञांकडून चाचणी करवावी. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था 1996 पासून हे कार्य करीत आहे. ध्वनी व अक्षर यांची सांगड लहान लहान पायऱ्यांनी, पुनःपुन्हा सराव करून शिकविली, तर ही मुले वाचू लागतात. वेग कमी राहिला तरी हरकत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळ व लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. त्या मागण्यात कमीपणा नाही. मोशेने आपण जड जिभेचे आहोत असे सांगितले, तेव्हा देवाने त्याचे पाचारण मागे घेतले नाही; त्याला अहरोन दिला.

चारबागला ध्वनिक्षेपकावर आमच्या गाडीची घोषणा झाली. गोंगाटात फलाट क्रमांक कोणालाच कळला नाही. त्या मुलाने मात्र तो अचूक ऐकला, आणि आम्ही सारे त्याच्या मागून निघालो. विश्वास ऐकण्याने होतो, असे पौल लिहितो. (रोम. १०:१७)

विचारासाठी प्रश्न :
१. आपल्या शब्बाथ शाळेत न वाचता येणाऱ्या मुलाला मानाचे स्थान आहे काय?
२. कोणत्या लेकराला आपण आळशी ठरविले आहे? त्याची क्षमा मागण्यास आपण तयार आहोत काय?