मुलांचा तोल : घरच्या वस्तूंतून सराव

सख्यांनो, "पोरगं सारखं पडतंय, धांदरटच आहे," असं आपण सहज बोलून जातो. पण तोल सांभाळणं हे शिकावं लागतं. डोळे, कानाचा आतला भाग आणि स्नायू-सांधे मिळून शरीर कुठं झुकलंय ते मेंदूला कळवतात. हा मेळ वेगवेगळ्या हालचालींतून बसतो.

थेरपी केंद्रात त्यासाठी झोके, तोलफळ्या, मोठे चेंडू असतात. बराचसा सराव घरीही होतो.

१. रेघ : अंगणात खडूने सरळ रेघ ओढा आणि मुलाला तिच्यावरून चालू द्या. जमलं की जमिनीवर रुंद फळी ठेवा. फळी डगमगता कामा नये.

२. झोका : मुलाचे पाय टेकतील इतका खाली बांधा. दोर आणि गाठ रोज ओढून बघा. हळू, मागे-पुढेच झुलवा.

३. पुरचुंडी : जाड कापडात दोन मुठी धान्य घालून पक्की शिवा. फेकायची, झेलायची, मग डोक्यावर ठेवून चालायचं.

४. लंगडी, ठिकऱ्या : साधारण चार-पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी.

बळजबरी नको. चक्कर, मळमळ वाटली की थांबा. आकडी येणाऱ्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोका देऊ नका.

मूल आत बसवायचा चाकांचा वॉकर मात्र घेऊ नका. त्याने चालणं लवकर येत नाही. उलट मूल क्षणात पायरीवर नाहीतर चुलीपाशी पोचतं. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. आपला पांगुळगाडा वेगळा, तो मूल स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलतं. तरी मोठं माणूस जवळ हवंच.

दीड वर्षाचं झालं तरी मूल एकटं चालत नाही, एकच हात-पाय वापरतं, किंवा आधी येणारी गोष्ट आता येईनाशी झाली, तर घरच्या सरावावर विसंबू नका. अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मोफत तपासणी करतं. गरज पडल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. पथकाची वाट बघत बसू नका, आधीही दाखवता येतं.

पुढच्या बैठकीत बचत गोळा झाल्यावर हा विषय घ्या. एखादीचं मूल मागे पडत असेल तर "होईल हळूहळू" म्हणून तिला गप्प करू नका. दवाखान्यात तिच्यासोबत जा.