प्रवेश अर्जातील एक रकाना : दिव्यांगत्व सांगावे की लपवावे?

बारावीच्या परीक्षेचे वेध लागतात त्याच सुमारास वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षांचे अर्ज भरावयास प्रारंभ होतो. नाव, जन्मदिनांक, प्रवर्ग यांच्यापाठोपाठ या अर्जांत एक लहानसा रकाना असतो. उमेदवार दिव्यांग आहे काय, असे त्यात विचारलेले असते. ज्याचे व्यंग उघड दिसते त्याला येथे फारसा विचार करावा लागत नाही. परंतु केसांआड श्रवणयंत्र लावणारी मुलगी, अक्षरे उलटसुलट वाचणारा हुशार मुलगा किंवा सिकलसेलच्या वेदनांमुळे महिन्यातून चार दिवस शाळा बुडणारा आश्रमशाळेतील विद्यार्थी यांच्या घरी त्या रकान्यापुढे बहुधा ‘नाही’ असे लिहिले जाते. मुलीच्या लग्नाची चिंता, नातलगांत बोलबाला होण्याची धास्ती आणि ‘गुण चांगले आहेत, मग कशाला सांगायचे?’ हा शिक्षकांचा सद्हेतूने दिलेला सल्ला, ही त्यामागील कारणे होत.

हा सल्ला बहुतेक वेळा विद्यार्थ्याचे नुकसान करतो.

कायदा काय देतो

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयक अधिनियमात अवघ्या सात प्रकारांचा समावेश होता आणि शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांत किमान ३ टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद होती. त्याची जागा घेणारा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यात प्रकारांची संख्या २१ झाली. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, हिमोफिलिया, थॅलेसेमिया यांच्याबरोबरच विदर्भात व नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेलही त्यात आला. ही गोष्ट गावपातळीवर अद्याप पुरेशी पोहोचलेली नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. ज्याला घरचे लोक केवळ ‘आजार’ समजतात, तो कायद्याच्या दृष्टीने दिव्यांगत्वाचा एक प्रकार असू शकतो.

या अधिनियमाच्या कलम ३२ अन्वये शासकीय आणि शासनाचे साहाय्य घेणाऱ्या उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी, म्हणजे सामान्यतः ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्यांसाठी, राखून ठेवणे बंधनकारक आहे. त्यांना वयोमर्यादेतही ५ वर्षांची सवलत आहे.

येथे एक फरक नीट ध्यानी घेतला पाहिजे, कारण बरेचसे गैरसमज त्याच्याच अभावी होतात. राखीव जागा ही एक गोष्ट आणि परीक्षेतील सोय ही दुसरी. लेखनिक, वाढीव वेळ, तळमजल्यावरील बैठक या सोयी म्हणजे मेहेरबानी नव्हे आणि गुणांची खिरापत तर नव्हेच. इतरांच्या बरोबरीने परीक्षा देता यावी यासाठीची ती वाजवी व्यवस्था आहे. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारण्यात आला होता. त्या प्रकरणी ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अशी सोय मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र शासनाने, ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असले तरी लिहिण्यात अडचण येणाऱ्या उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. याचा अर्थ असा की, ज्याला राखीव जागा मिळू शकत नाही किंवा नको आहे, त्यालाही सोय मागता येते. मात्र त्यासाठी आधी सांगावे लागते.

अमेरिकेत १९७३ च्या कायद्यान्वये महाविद्यालयांनी प्रवेशापूर्वी दिव्यांगत्वाविषयी चौकशी करणेच सामान्यतः निषिद्ध आहे. तेथे विद्यार्थी प्रवेश मिळाल्यावर सोयीसाठी स्वतः अर्ज करतो. तिकडे शिकावयास जाणाऱ्या मराठी मुलांच्या अनुभवावरून इकडचा हिशेब मांडणे योग्य ठरणार नाही. आपल्याकडे राखीव जागेचा दावा अर्जातच करावा लागतो आणि दुरुस्तीची मुदत उलटल्यावर ‘नाही’चे ‘होय’ करणे सहसा शक्य होत नाही.

वैद्यकीय प्रवेशाचा पेच

सांगण्यात धोका मुळीच नाही, असे म्हणणे मात्र सत्याला धरून होणार नाही. वैद्यकीय शिक्षणाच्या बाबतीत तर अनेक वर्षे मोठा विचित्र पेच होता. काही प्रकारांत दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या आत असेल तर राखीव जागेचा हक्क नाही आणि ४० टक्के वा अधिक भरले तर उमेदवार अभ्यासक्रमालाच अपात्र! वाचा व भाषा यांचे दिव्यांगत्व असलेल्या महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्यावर हाच प्रसंग आला. नीट परीक्षा उत्तीर्ण होऊनही केवळ टक्केवारीच्या आकड्यावरून त्याला अपात्र ठरविण्यात आले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने नव्या वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करविली. हा विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल, असा अभिप्राय त्या मंडळाने दिला आणि त्याला प्रवेश मिळाला. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलेल्या सविस्तर निकालात न्यायालयाने म्हटले की, नुसत्या आकड्यावरून कोणालाही अपात्र ठरविता येणार नाही. विद्यार्थी प्रत्यक्षात काय करू शकतो, हे मंडळाने पाहिले पाहिजे आणि प्रतिकूल मत दिल्यास त्याची कारणे नोंदविली पाहिजेत. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘दोन्ही हात शाबूत’ असण्याची जुनी अटही न्यायालयाने अमान्य केली.

या निर्णयांमुळे सांगणाऱ्याची बाजू पूर्वीपेक्षा भक्कम झाली आहे. तरीही प्रतिकूल अहवाल हाती पडल्यास त्यातील कारणे वाचून, प्रवेशफेऱ्या चालू असतानाच दाद मागावी लागते. फेऱ्या संपल्यावर मिळालेला न्याय विद्यार्थ्याच्या कामी येतोच असे नाही.

नीट परीक्षेतीलच आणखी एक उदाहरण शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. लेखनअक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीने अर्जात सर्व माहिती रीतसर दिली होती. दर तासामागे २० मिनिटे या हिशेबाने तीन तासांच्या परीक्षेला तिला एक तास अधिक मिळावयास हवा होता. केंद्रावरील कर्मचाऱ्यांना नियम ठाऊक नसल्याने तो मिळाला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षायंत्रणेची चूक मान्य केली, तिच्यावरील अन्याय दूर करण्याचा मार्ग आठवड्याभरात शोधण्यास सांगितले, परंतु फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही. म्हणून प्रवेशपत्र हाती आल्यावर त्यावर दिव्यांगत्वाची व सोयीची नोंद आहे की नाही हे पाहावे, नसल्यास लेखी कळवावे आणि नियमांची प्रत परीक्षेच्या दिवशी सोबत ठेवावी.

प्रमाणपत्राची वाट

प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र यांसाठी स्वावलंबन संकेतस्थळावर नोंदणी करून जिल्हा रुग्णालयात तपासणीसाठी जावे लागते. यास काही आठवडे, कधी काही महिने लागतात. दहावीला अध्ययन अक्षमतेची सवलत मिळाली म्हणजे पुढचे सर्व कागद तयार झाले, असा समज पालकांत आढळतो. तो चुकीचा आहे. प्रवेशपरीक्षेसाठी विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते आणि वैद्यकीय प्रवेशासाठी तर ठरवून दिलेल्या केंद्रावर पुन्हा तपासणी होते. अकरावीच्या वर्षातच हे काम हाती घेतलेले बरे. खोट्या प्रमाणपत्राच्या आधारे लाभ घेतल्यास कलम ९१ अन्वये २ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, हेही पालकांना सांगितले पाहिजे. टक्केवारी ‘वाढवून देणारे’ मध्यस्थ काही ठिकाणी याच दिवसांत फिरत असतात.

रकाना कसा भरावयाचा, हे अखेर विद्यार्थ्याने ठरवावयाचे आहे. वर्गात सर्वांदेखत ‘कोण कोण दिव्यांग आहे?’ असे विचारून यादी करणारी शाळा मुलांना खोटे उत्तर द्यावयास शिकविते. त्याऐवजी मुख्याध्यापकांनी जून महिन्यातच एका शिक्षकाकडे हे काम सोपवावे, पालकांना एकेकटे भेटून माहिती द्यावी आणि मिळालेले कागद कुलुपात ठेवावेत. जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीचा वार कोणता, कोणते कागद न्यावयाचे आणि सकाळची एस. टी. किती वाजता निघते, एवढी माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली तरी पुष्कळांची एक खेप वाचेल.